गच्चीवरचं विमान

मृत्यूपुढे सगळे समान असतात, असं ज्ञानी माणसं सांगून गेली आहेत. वश्या, तुझ्या शोकसभेत बसायची सोय तीन प्रकारची होती. पुढे सोफे, मध्ये गादीच्या खुर्च्या आणि मागे प्लॅस्टिकच्या. शाळेपासूनचा मित्र म्हणून मला गादीची खुर्ची मिळाली. पुढच्या सोफ्यावरचे एक गृहस्थ मागे वळून मला म्हणाले, "साहेब नेमकं काय उडवायचे हो? हेलिकॉप्टर का?" तुझ्या हयातीत हा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याचा पुढचा पाऊण तास काही खरा नव्हता. या वेळी तू फ्लेक्सवर होतास, टोपी घालून, आणि गप्प होतास. तुला इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझ्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. "प्रेरणादायी असावा," अशी सूचना आहे. मी लगेच हो म्हणालो, आणि का म्हणालो ते तुला पक्कं ठाऊक आहे. आपला एक वाद पंधरा वर्षं चालू होता आणि तो मध्येच टाकून तू गेलास. वादात हरायची वेळ आली की तू नेहमी चपला शोधायला लागायचास. या वेळी चपलाही न घालता गेलास. तेव्हा हा लेख सुडाचा आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे संपादकांना कात्री कुठून लावायची ते कळेल.

तर आता तुझी गोष्ट, जी तू कुणाला सांगू दिली नाहीस.

हवाई दलाच्या अकादमीतून तू पहिल्या सुट्टीवर आलास तेव्हा गल्लीनं तुला हार घातला होता. हलगी वाजली. तुझ्या आईनं, म्हणजे काकूंनी, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. संध्याकाळी आपण दोघं रंकाळ्यावर जाऊन बसलो, तेव्हा हार अजून तुझ्या हातातच होता आणि तू त्यातली फुलं एकेक करून पाण्यात टाकत होतास.

"मास्तर," तू म्हणालास. मी तेव्हा मास्तर झालो नव्हतो, पण हातात पुस्तक असायचं म्हणून तू शाळेपासून हेच म्हणायचास. "मास्तर, मी ओकतोय."

"आत्ता?"

"आत्ता न्हाय रं मर्दा. वर गेलं की. रोज. खिशात पिशवी घिऊन जातोय. आणि इमान बसवता येत न्हाय. माडीवरनं पोतं टाकल्यागत आदळतंय."

शिकाऊ वैमानिकाला ठरावीक तासांच्या आत एकट्यानं विमान वर नेऊन खाली आणता आलं पाहिजे, आणि त्याआधी तशी परीक्षा होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. नापास झालं की आणखी एक संधी मिळते. तीही गेली की सामान बांधायचं. तुझी पहिली संधी गेलेली होती. हलगी वाजवणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपण तुमच्या शाहूपुरीतल्या गच्चीवर एकामागे एक दोन खुर्च्या मांडल्या. अकादमीतली पोरं असा सराव करतात, म्हणालास. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, आणि सगळं उड्डाण तोंडानं म्हणत हातापायांनी पार पाडायचं. पायाखाली पेडलच्या जागी दोन विटा. विमानात दोन गुडघ्यांच्या मध्ये जी दांडी असते, जिला तुम्ही स्टिक म्हणता, तिच्या जागी काकूंचं लाटणं. मी मागच्या खुर्चीत प्रशिक्षक. तू लिहून दिलेल्या सूचना मी वाचायचो, आणि चुकलास की तुझ्या मानेवर टिचकी मारायचो. प्रशिक्षक असंच करतात, हेही तूच सांगितलं होतंस.

खालून काकूंचा आवाज यायचा. "आरं ए पायलट! लाटणं आण खाली! आदी चपात्या हुंदेत, मग उडीव तुजं इमान!"

त्यामुळे आपलं विमान जेवणाच्या आधी कायम जमिनीवर असायचं. वक्तशीरपणाची तुझी पुढची सगळी कीर्ती तिथूनच सुरू झाली.

लाटणं तू असं धरायचास की मनगटाच्या शिरा वर यायच्या. त्यात तुझा दोष नव्हता. पोरवयात तुला तालमीत घातलेलं. हाताला लागलेलं सोडायचं नाही, हे वस्तादांनी तुझ्या हाडात भरलं होतं. समोरचा मल्ल त्यानं दमतो. विमानाला तसं आवळून धरलं की ते नाक वर-खाली करत राहतं आणि शेवटी आदळतं. हे तुला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं.

तू परत गेलास, आणि महिन्याभरात तुझी तार आली. "बसलं." एवढंच. पोस्टमननं मला विचारलं, "कोण बसलं?"

पुढच्या सुट्टीत तू सगळं सांगितलंस. एक वयस्कर प्रशिक्षक तुला विमानाच्या सावलीत घेऊन बसला होता. तो म्हणाला, मीसुद्धा पहिल्या परीक्षेत नापास झालो होतो, आणि मीसुद्धा ओकायचो. मग त्यानं तुला अंगठा आणि दोन बोटं एवढ्यांनीच स्टिक धरायला लावली, आणि उतरताना नाकासमोरची जमीन न बघता धावपट्टीच्या पार टोकाकडे बघायला सांगितलं. "खरं बोटांचं काय न्हाय मास्तर," तू म्हणालास. "बोटांचं आधी पण चौघांनी सांगितलंतं. ह्यो मी पण पडलोतो म्हणाला, तवा हात आपोआप ढिला झाला. मला वाटायचं, सगळ्या जगात मीच एकटा दगड हाय."

आणि लगेच, त्याच दमात, "हे कुणाला बोलायचं न्हाय. घे अंबाबाईची शपथ." मी घेतली. नास्तिकाला देवीची शपथ घालणं हा तुझ्या युद्धशास्त्रातला पहिला मोठा घोटाळा. पण पाळली मी, पुष्कळ वर्षं पाळली.

त्या वर्षांत तू विंग कमांडर झालास, शेकडो पोरांना उडायला शिकवलंस, निवृत्त होऊन त्याच घरात परत आलास. सत्कार झाले. प्रत्येक सत्कारात तू म्हणायचास, "भीती हा शब्द आमच्या शब्दकोशात नव्हता." मी मागच्या रांगेत बसून विचार करायचो की पिशवी हा शब्द होता का ते कुणीतरी विचारावं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण मग माझा निखिल अकादमीत गेला.

निखिल तुझ्या गच्चीवर वाढला. विमानांची नावं तूच त्याला शिकवलीस आणि तालमीतही तूच घातलंस, "पोरगं जरा दणकट हुंदे" म्हणून. तेव्हा पुढे काय होणार हे जगात एका माणसाला तरी आधी दिसायला हवं होतं. अकादमीत जाऊन त्यानं तेच केलं. स्टिक आवळून धरली आणि विमान आदळलं. पहिली संधी गेली. त्यानं फोन मला नाही केला, तुला केला. बरोबरच केलं. इतिहासाच्या मास्तराला विचारून कुणाचं विमान उतरलंय?

तू त्याला काय सांगितलंस ते मी समोर बसून ऐकलं. "कोल्हापूरचा गडी हाईस. माघार न्हाय. छाती पुढं काढून जायाचं. आमच्या वेळी असलं रडगाणं नव्हतं."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "वश्या, पिशवीचं सांग त्याला. त्या सावलीतल्या माणसाचं सांग."

"न्हाय. शिकवणाऱ्यानं आपलं पडल्यालं सांगितलं, की पोरं पडाय मोकळी हुत्यात."

"पोरं आधीच पडतायत. तुझ्या परवानगीसाठी कुणी थांबलेलं नाही."

तू चपला शोधायला लागलास.

म्हणून मी शपथ मोडली आणि त्या रात्री निखिलला फोनवर सगळं सांगितलं. रंकाळा, लाटणं, तार, सगळं.  दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज फार मऊ होता. "बाबा, मी काकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, तुझा बाप देवमाणूस हाय, तुला बरं वाटावं म्हणून रचून सांगितलं आसंल. त्याला विमानातलं काय कळतंय." मग तो म्हणाला, "पण थँक्यू बाबा."

त्या थँक्यूसाठी, वश्या, मी तुला कधीही माफ केलेलं नाही. तो चिडला असता, खोटारडे म्हणाला असता, तर मी भांडलो असतो. त्यानं मला समजून घेतलं. मुलाला धीर यावा म्हणून थापा मारणारा भाबडा म्हातारा, अशी माझी जागा त्यानं मायेनं ठरवून टाकली, आणि पंधरा वर्षं मी त्या जागेवर बसून आहे. ती गादीचीसुद्धा नाही.

दुसरी संधीही गेली. निखिल घरी आला. आता तो शिरोळ, हातकणंगल्याच्या बाजूला ड्रोननं उसावर फवारणी करतो. धंदा बरा चालतो. शेतकरी त्याला "पायलट" म्हणतात. तो हसतो. मला अजून हसायला जमलेलं नाही.

लोक विचारतील, मग मैत्री का ठेवलीस? मीही स्वतःला विचारायचो. उत्तर असं, की माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा तू रोज दुपारी यायचास. तिला उठून बसता येत नव्हतं, तर तू शब्दकोडं मोठ्यानं वाचायचास, आणि मुद्दाम इतकी चुकीची उत्तरं द्यायचास की तिला बोलावंच लागायचं. शेवटच्या दिवसापर्यंत ती तुझं मराठी सुधारत होती. ती गेल्यावर महिनाभर तुझ्या घरून सुमनवहिनींचा डबा आला, आणि डबा घेऊन तू स्वतः चालत आलास, विंग कमांडर असूनही. शत्रूनं असं वागू नये. सूड घेणाऱ्याची फार पंचाईत होते.

शेवटचं आपण तुझ्या गच्चीवर बसलो होतो. उजळाईवाडीच्या विमानतळाकडे उतरणारं विमान दिसलं आणि सवयीनं तू त्याला मार्क देऊ लागलास. "जरा उंच हाय... हां... आता सोड... बरं बसंल." मी म्हणालो, "वश्या, आता तरी सांग निखिलला. आपण दोघंही सत्तरी ओलांडली." तू विमान गेलं त्या बाजूला बघितलंस. मग म्हणालास, "बघू की." त्याच आठवड्यात तुझं हृदय थांबलं. ते "बघू की" तसंच लटकत राहिलंय. तू सांगणार होतास की नव्हतास, हे आता मला कधीच कळणार नाही. ही गोष्ट तू मुद्दाम केलीस, असं मी धरून चाललो आहे.

तर शोकसभा. तीन वक्त्यांनी तुला गरुड म्हटलं आणि एकानं वाघ. एकानं तू आकाशाला गवसणी घातल्याचं सांगितलं. मग मला बोलावलं. मी माईकपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "वसंत शिकत असताना रोज विमानात ओकायचा."

सोफ्यावर डोळे टिपणारा एक रुमाल मध्येच थांबला. मी पुढे गेलो. नापास झाल्याचं सांगितलं. लाटण्याचं सांगितलं. रंकाळ्यातली फुलं सांगितली. मला फार बरं वाटत होतं. अध्यक्षांनी आधी खोकून पाहिलं, मग माझ्या बाहीला हात लावला. "सर, आवरा की आता. पावण्यांना पुढं कार्यक्रम हाय." सोफ्यावरचे ते हेलिकॉप्टरवाले गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "मास्तरांचं वय झालंय." म्हणजे पुन्हा तेच, वश्या. मी खरं सांगितलं आणि पुन्हा भाबडा म्हातारा ठरलो. या वेळी तू हसायलाही नव्हतास.

तेवढ्यात मागून, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांमधून, एक मुलगी उभी राहिली. केस बारीक कापलेले, पाठ ताठ.

"सर खरं बोलाय लागल्यात," ती म्हणाली. माईक नव्हता, पण गरजही नव्हती. "मला वसंतसरांनी स्वतः सांगितलंय की. ओकायचं, लाटण्याचं, समदं."

ती हुपरीची स्नेहल. घरी चांदीची पैंजणं करतात. तुझ्या नातीची पैंजणं तिच्या वडिलांनी केली, तेव्हाची तुमची ओळख. ती अकादमीत शिकते आहे, मधल्या सुट्टीत घरी आलेली, आणि तिचीही पहिली संधी गेलेली. तू तिला फोनवर शिकवत होतास. मला पत्ता नव्हता. निखिललाही नव्हता. तो शिरोळहून थेट आला होता, पायात गमबूट, अंगाला औषधाचा वास, म्हणून सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभा होता. तिच्यापासून चार हातांवर.

"सर म्हणायचे," स्नेहल बोलत राहिली, "आधी एका पोराला सांगाय पायजे हुतं, सांगितलं न्हाय. त्याच्या बापाला खोटं पाडलं. आता त्याला तोंड दावाय लाज वाटती. म्हणून तुला सांगतोय."

सभागृहात कुणालाही काही कळलं नाही, फक्त दोघांना कळलं. मी समोरच्या सोफ्यांकडेच बघत राहिलो. मागच्या भिंतीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

माफी चांगली होती, वश्या. शब्द योग्य, कारण योग्य. फक्त पत्ता चुकला. आमचं घर राजारामपुरीत, आणि माफी गेली हुपरीला. इतकी वर्षं नकाशे वाचून हे असं कसं झालं तुझ्याकडून?

घरी जाताना मी निखिलच्या गाडीवर मागे बसलो होतो. दसरा चौकातल्या सिग्नलला तो म्हणाला, "बाबा, म्हणजे तुम्ही खरं सांगत होता."

"हो."

सिग्नल सुटला. बरंच पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मग तेव्हा जरा जोरात सांगायचं होतं."

याचं उत्तर तुझ्याकडे होतं, आणि ते तू घेऊन गेलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल वहिनींना भेटायला आली. तिनं जरा चाचरत विचारलं, "काकू, ते लाटणं हाय का हो अजून?" होतं. तुझ्या आईचंच. वहिनी त्यानंच चपात्या लाटतात. मी तिथेच होतो, आणि निखिल मला सोडायला आला होता. त्यानं गच्चीवर दोन खुर्च्या नेल्या आणि एकामागे एक ठेवल्या. विटा शोधून आणल्या. मग मागच्या खुर्चीत बसला.

मी पाण्याच्या टाकीला टेकून ऐकत होतो. पंधरा वर्षांत या विषयावर एक अक्षर न बोललेला माझा मुलगा उड्डाणाच्या सगळ्या सूचना न अडखळता म्हणत होता. एकही विसरला नव्हता. स्नेहल डोळे मिटून लाटणं धरून बसलेली, मूठ पांढरी पडलेली. तो थांबला.

"घरी पैंजणाला घुंगरू जोडताना डाख देतेस?"

"देते की."

"चिमटा असाच आवळतेस?"

"असा आवळला तर घुंगरू चेपंल."

"मग ह्याला कशाला चेपतेस? मी पण असंच चेपलं. दोनदा नापास झालो. काका एकदाच झालते, मी त्यांच्या पुढं गेलोय."

ती हसली. तिचा हात ढिला पडलेला मला टाकीपासून दिसला.

मग तो बोलतच राहिला. रिकाम्या पोटी उडू नकोस, मळमळ जास्त होते, एक केळं तरी खा. प्रशिक्षक ओरडला आणि कळलं नाही तर उगाच "यस सर" म्हणू नकोस, नेमकं काय चुकलं ते विचार, तो आणखी ओरडेल, ओरडू दे. वळणावर चुकलीस तर ती चूक त्या वळणावरच सोड, उतरताना बरोबर आणू नकोस. धावपट्टीच्या टोकाकडे बघ. आणि रात्री रडू आलं तर शेजारच्या खोलीतल्या पोरीला हाक मार, तीही रडतच असेल. यातलं निम्मं तू तिला सांगितलेलं होतंस, पण तिनं तसं दाखवलं नाही. उरलेलं निखिलला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याला नापास होऊनच मिळालं होतं.

हा माझा सूड, वश्या. तुझ्या गच्चीवर, प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसून, माझ्या मुलानं तुझ्या विद्यार्थिनीला तुझ्यापेक्षा चांगलं शिकवलं. एकदाही छाती पुढे काढ म्हणाला नाही. मी किती वर्षं याची वाट बघत होतो, ते मला त्या टाकीपाशी कळलं. तू समोर असतास तर चपला शोधल्या असत्यास, आणि मी त्या लपवून ठेवल्या असत्या.

स्मरणिकेसाठी सांगतो. चौकाला तुझं नाव द्यायचा ठराव आहे. तुझा पूर्णाकृती पुतळा व्हावा, असंही कुणी सुचवलं आहे. मी विरोध करणार नाही. फक्त पुतळ्याच्या हातात लाटणं द्यावं, अशी सूचना मी मांडली, ती नोंदवून घेतलेली नाही.

स्नेहलची परीक्षा झाली. तिनं फोन मला नाही केला, निखिलला केला. तो तेव्हा कुणाच्या तरी उसाच्या बांधावर उभा होता. त्यानं ऐकलं, फोन खिशात ठेवला, ड्रोन उतरवला आणि मग मला फोन लावला. तो एकच शब्द म्हणाला. "बसलं."

लाटणं ती अकादमीत घेऊन गेली आहे. सुमनवहिनींना नवीन आणायला अजून सवड झालेली नाही, त्यामुळे तुझ्या घरी सध्या चपात्या बाटलीनं लाटल्या जातात. बाटली तुझ्याच कपाटातली, मिलिटरी कॅन्टीनची आहे. लेबल निघत नाही.